बाई, माझं फूल कुठं नेलंत?

बाई, तुम्हाला मातीत ठेवून आज सव्वीस दिवस झाले आणि माझा राग अजून जागच्या जागी आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं सगळे सांगतात. सांगोत. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यावर रागवायची सोयच नव्हती. 'आवाज खाली' एवढं म्हटलंत की चाळीस पोरींची तोंडं मिटायची. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तेव्हा सगळं नीट ऐकून घ्या.

तुम्हाला पुरलं त्या दिवशी चर्चच्या दारात एकजण वही घेऊन बसला होता. कोण कोण आलं, त्यांची नावं लिहून घेत होता. मी ड्युटीवरून तशीच धावत आले होते, खाकी कपड्यांत, खांद्याला तिकिटाचं मशीन अडकवलेलं. त्यानं विचारलं, "नाव?" म्हटलं, "सुमन." "तुम्ही त्यांच्या कोण?" बाई, मी कंडक्टर आहे. दिवसाला शंभर माणसांशी तोंड चालवते, पण त्या माणसापुढं माझी बोबडी वळली. मागं रांग खोळंबली. शेवटी म्हटलं, "वसतिगृहातली मुलगी." त्यानं लिहिलं, 'माजी विद्यार्थिनी'. झालं! सात वर्षांची होते तेव्हापासून तुमच्या हाताखाली वाढले, आणि वहीत काय, तर माजी विद्यार्थिनी.

आठवड्यानं तुमच्यासाठी सभा ठेवली. चर्च कमिटीचे सेक्रेटरी माईकपुढं उभे राहून म्हणाले, "सुगंधाबाई म्हणजे शेकडो लेकरांची माता!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हेच गृहस्थ दर मातृरविवारी चर्चमध्ये आयांना बक्षिसं वाटायचे. सगळ्यात वयस्कर आईला साडी. सगळ्यात नव्या आईला बाळाची दुलई. सगळ्यात जास्त लेकरं असलेल्या आईला स्टीलचा मोठा डबा. त्या डब्यांना रंगीत कागद तुम्हीच आदल्या दुपारी बसून चिकटवायचात, आणि ओठांत टाचण्या धरून आम्हाला कोपरे नीट दुमडायला लावायचात. सगळ्यात जास्त लेकरं कुणाची, हे सगळ्या भोरला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत एकदाही या माणसाच्या तोंडून तुमचं नाव निघालं नाही. आणि आता मेल्यावर माता! मी उठून बोलणारच होते, शेजारणीनं हात दाबून धरला म्हणून बसले.

पण खरं सांगते, त्या सेक्रेटरीवरचा राग वरवरचा. खरा राग तुमच्यावर आहे. त्यांनी तुम्हाला आई म्हटलं नाही, ते त्यांच्या अकलेप्रमाणे. तुम्ही स्वतःला म्हणू दिलं नाहीत, त्याचं काय?

तो पहिला दिवस तुम्ही कधी बोलून दाखवला नाहीत, पण तुम्हाला आठवत असणार. आमचा धनगरवाडा हिर्डोशीच्या वर, दोन तासांच्या चढावर. आदल्या पावसात बाप गेला होता. आईजवळ शेरडं, चार मेंढरं आणि मी. वाड्यावरची शाळा गुरुजींच्या मर्जीनं भरायची. आईनं मला हिर्डोशीपर्यंत चालवलं, तिथून एसटीत घातलं आणि भोरला चर्चच्या वसतिगृहाशी, तुमच्या फाटकात आणून उभं केलं. तुम्ही दोघी फाटकाशी काहीतरी बोललात, मला ऐकू आलं नाही. मग आई वळली आणि चालू लागली. मागं बघितलंसुद्धा नाही. मी फाटकाच्या गजांत डोकं घालून ओरडत होते, आणि तुम्ही काय केलंत? जवळ घेतलंत? छे! माझं मनगट धरून मला नळाखाली नेलंत, केस कापले, कडुलिंबाचं तेल चोपडलं आणि म्हणालात, "रडून झालं की ताट घासून ठेव. तुझा नंबर अकरा."

असं स्वागत. त्या दिवसापासून मी आईला माफ केलं नाही आणि तुम्हाला सोडलं नाही.

तुमचा हात फार जड होता, बाई. पाढा चुकला की पाठीत धपाटा. नखं वाढली की पट्टी. स्कर्टची घडी उसवली की तुम्ही निळ्या दोऱ्यानं शिवायला बसायचात आणि तेवढा वेळ आम्हाला समोर उभं राहून ऐकून घ्यावं लागायचं. प्रार्थनेला डोळे उघडे दिसले की संध्याकाळची भांडी आपल्याकडं. पण मला गोवर आला तेव्हा नऊ दिवस माझ्या खाटेशी खुर्ची लावून बसलेली बाई कोण होती? चौथीच्या निकालाला माझ्याआधी पायऱ्या चढून गेली ती? मला पहिल्यांदा पाळी आली, मी मरणार म्हणून न्हाणीघरात लपून बसले, तेव्हा दाराबाहेर जमिनीवर बसून अर्धा तास समजावत होती ती? तिला काय म्हणायचं होतं मी? 'माजी मेट्रन'?

आणि मग तो मातृरविवार. बाकीचं जग मे महिन्यात मदर्स डे करतं, मोबाईलवर गुलाबाचे फोटो पाठवतं. आपल्या चर्चची चाल जुनी, कुण्या मडमेनं लावून दिलेली. उपवासकाळातला चौथा रविवार. पाळक दरवर्षी तेच सांगायचे, की त्यांच्या मुलखात परक्या घरी चाकरी करणाऱ्या पोरींना या एका दिवसाची सुटी मिळे आणि त्या वाटेवरची फुलं वेचत आपल्या आईकडे जात. मग एक धडा वाचायचे. लहानगा मुलगा देवळात ठेवून गेलेली आई दरसाल त्याच्यासाठी नवा अंगरखा शिवून न्यायची, तो. हा धडा सुरू झाला की वसतिगृहाच्या बाकांवर मुसमुस सुरू व्हायची, आणि तुम्ही मागं वळून एकदा बघायचात की थांबायची.

दाराशी दोन ताटं असायची. एकात बाजारातले लाल गुलाब, दुसऱ्यात अंगणातली पांढरी तगर. आई आहे तिनं लाल घ्यायचं, आई नाही तिनं पांढरं. ज्यांच्या आया चर्चमध्ये असत त्या आपलं लाल फूल आईच्या हातात देत. पांढरं फूल उपासना झाल्यावर कबरीवर. पहिल्या वर्षी मी सरळ जाऊन पांढरं उचललं. सात वर्षांची पोर, पण डोकं शाबूत होतं. जी मला फाटकात टाकून गेली ती माझ्यापुरती मेली, असा माझा हिशोब. तुम्ही बघितलंत. सगळ्यांदेखत माझ्या हातातली तगर हिसकावलीत आणि कानाखाली आवाज काढलात. "आई जिवंत असताना पांढरं घेतेस? पुन्हा हात लावून बघ." मग लाल गुलाब माझ्या मुठीत कोंबलात. काटा रुतला, ते तुम्ही बघितलं नाहीत.

आता त्या गुलाबाचं मी काय करायचं? माझी आई वर वाड्यावर, शेरडांमागं. मी तुमच्या खोलीत गेले आणि तुमच्या टेबलावर, स्टीलच्या पेल्यात पाणी घालून त्यात तो ठेवला. तुम्ही मान वर केलीत. "काय हे?" म्हटलं, "तुमच्यासाठी." तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात आणि म्हणालात, "जा, जेवणाची घंटा झाली." एवढंच. मी उड्या मारत गेले. म्हटलं, घेतलं बाईंनी!

मग दरवर्षी तेच. रविवारी पेल्यात फूल, मंगळवारी पेला रिकामा. मधल्या सोमवारी तुम्ही 'तालुक्याच्या कामाला' जायचात. तो एकच दिवस वसतिगृहावर लक्ष ठेवायला कुणी नसायचं. आम्ही खाटांवर नाचून घ्यायचो. एकदा मी विचारलं, "बाई, फूल कुठं गेलं?" तुम्ही म्हणालात, "वाळलं. टाकलं." मी चांगली बारा वर्षांची घोडी, तरी त्या दिवशी जेवले नाही. एका दिवसात कुठं गुलाब वाळतो का? पण पुढच्या वर्षी पुन्हा ठेवला. निर्लज्जच मी.

सोळाव्या वर्षी मी तुमच्यापुढं दुसरं भांडण मांडलं. मला बाप्तिस्मा हवा होता. देवाशी माझं काही वैर नव्हतं आणि फार सलगीही नव्हती. खरं कारण तुम्हाला कळलं होतंच. रजिस्टरमध्ये पालक म्हणून तुमचं नाव लागेल अशी मला आशा होती. तुम्ही म्हणालात, "आधी आईला विचारून ये." म्हटलं, "तिला काय विचारायचं? तिनं मला सोडताना मला विचारलं होतं?" तुम्ही शिवण खाली ठेवलीत. "आईला विचारल्याशिवाय या घरात तुझ्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडणार नाही." मी विचारलं नाही. तुम्ही बाप्तिस्मा होऊ दिला नाहीत. वाड्यावर लोक उगाच आईचे कान भरत होते, बाई तुझ्या पोरीला बाटवणार म्हणून. त्यांना काय माहीत, इथं पोर स्वतःहून पदर धरून बसली होती आणि बाई बोटं सोडवत होत्या.

सुटीत मी वर जायचे. आई माझ्यासाठी नाचणीची ताजी भाकरी थापायची, राखून ठेवलेलं तुपाचं बोळकं पुढं सरकवायची, आणि माझ्याकडे नुसतं बघत बसायची. मी तोंड फिरवून जेवायचे. वाटायचं, आता लाड करते आहे, पापाचं ओझं हलकं करायला. दोन वाक्यांच्यावर मी तिच्याशी बोलले नसेन. तीही बोलकी नव्हतीच.

मग नोकरी लागली. वर्षानुवर्षं मला वेल्ह्याची गाडी. राजगडाला निघालेल्या पाठपिशवीवाल्यांना पालीला उतरवायचं, भातलावणीच्या बायकांना चढवायचं, सुट्या पैशांवरून भांडायचं. पण मातृरविवारची रजा मी कधी चुकवली नाही. लग्न झालं, पोरगी झाली, तरी माझं फूल तुमच्याच पेल्यात. तोवर तुम्हाला निवृत्त करून मागची खोली दिली होती. पेला तोच होता.

गेल्या वर्षी मात्र मी ठरवून आले होते. पाळकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "सर्व मातांनी कृपया उभं राहावं." बायका उठल्या. माझी पोरगी मला ढकलत होती, आई ऊठ, आई ऊठ. मी उठले आणि थेट मागच्या बाकापाशी आले, जिथं तुम्ही दरवर्षी मांडीवर पिशवी घेऊन बसायचात. तुमचा दंड धरला. म्हटलं, "उठा. आज तुम्ही उठणार."

"हात सोड, सुमन."

"नाही सोडणार. सगळ्या भोरला दिसू दे."

"हात सोड म्हणते ना!"

"तुमच्याशिवाय मला आहे कोण?"

आणि तुम्ही, बाई, त्या भरलेल्या चर्चमध्ये, तुमच्या त्या पाढे घ्यायच्या आवाजात म्हणालात, "तुला आई आहे. हिर्डोशीच्या वर, जिवंत आहे. मी कुणाची आई नाही. जा, जाग्यावर बस."

कुणीतरी खाकरलं. सेक्रेटरी डब्याचा कागद सारखा करू लागले. मी बाहेर आले, हातातला गुलाब मुठीत चुरगाळून अंगणात भिरकावला आणि पोरीला फरफटत घरी नेलं. मनात म्हटलं, बाई, तुमचं आमचं संपलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. हिर्डोशीच्या गाडीचा कंडक्टर आजारी, म्हणून मला त्या गाडीवर घातलं. स्टँडवर गाडी लागली आणि तुम्ही चढलात. सत्तरी पार केलेली बाई, काठी टेकत, मांडीवर ओल्या वर्तमानपत्राचं पुडकं. मी तुमच्यापुढं जाऊन मशीन धरलं. "कुठं?" "हिर्डोशी." तिकीट फाडलं, हातात दिलं. तेवढाच शब्द. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, मी खिडकीबाहेर नीरेचं पाणी बघत होते. हिर्डोशीला तुम्ही उतरलात आणि डोक्यावर पदर घेऊन वरच्या वाटेला लागलात, टळटळीत उन्हात. मला वाटलं, म्हातारपणी आता वाड्यावस्त्यांवर प्रार्थनेला निघाल्या, स्वर्गातली जागा पक्की करायला. असं वाटलं मला, बाई. लपवत नाही. विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही. दोनदा घंटी मारली आणि गाडी पुढं काढली.

नंतरचं वर्षभर मी तुमच्या खोलीकडे फिरकले नाही. तुम्ही पोरीसाठी एकदा स्वेटर पाठवलात, तो मी परत पाठवला. आणि या वर्षी, उपवासकाळ सुरू झाला त्याच आठवड्यात, सकाळी चहा घेऊन गेलेल्या मुलीच्या हाकेला तुम्ही उठला नाहीत.

आईला सांगायला मी पाचव्या दिवशी वर गेले. आता तीही थकली आहे. दारात नाचणी पाखडत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "आये, भोरच्या बाई गेल्या."

तिच्या हातातलं सूप कलंडलं. नाचणी सगळी मातीत सांडली. मग तिनं जो हंबरडा फोडला! बाप गेला तेव्हा मी तिला रडताना पाहिलं होतं, पण तेव्हा ती तोंडात पदर कोंबून रडली होती. हे वेगळंच. शेजारच्या बाया धावत आल्या. मी चक्रावून गेले. तुमची तिची ओळख फाटकापुरती, असं मी धरून चालले होते.

बऱ्याच वेळानं शांत झाली. नाक पुसलं आणि म्हणाली, "आता औंदा तुजं फूल घिऊन कोन येनार?"

"कसलं फूल?"

"आता कसलं काय! सालाला धाडतीस त्ये. बाईंच्या हाती."

 ती आत गेली, देव्हाऱ्याच्या कोनाड्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि माझ्यापुढं उघडला. आत वाळलेले गुलाब. काळे पडलेले, काही नुसत्या पाकळ्या, काही देठासकट. माझ्या सातव्या वर्षापासूनचे. जे तुम्ही म्हणाला होतात वाळलं, टाकलं.

"येवडी चडन चडून यायच्या," आई सांगत होती, "पुडकं सोडायच्या, म्हनायच्या, घे, तुज्या पोरीनं तुज्यासाटी दिलंय. च्या प्यायच्या, भाकर खायच्या. तुजं समदं सांगायच्या. किती मार्क पडलं, किती उंच झाली, गोवर आला तवा कशी बडबडली. म्या म्हनायची, बाई, तिला इचारू का फुलाचं? तर म्हनायच्या, न्हाई, बोलू नगंस. वयात येनारी पोर, लाजंल आन धाडायची बंद करंल. म्हून म्या कदी तोंड उगाडलं न्हाई."

मी विचारलं, "आणि मला सोडलंस त्या दिवशी फाटकात काय बोलणं झालं तुमचं?"

"म्या म्हनलं, बाई, ही आता तुमचीच. तर माज्यावर वसकन आल्या. म्हनाल्या, पोर तुजीच हाय, तुजीच ऱ्हाईल. मी नुसती सांबाळीन. माज्या तोंडातनं आई म्हनून कदी निगायचं न्हाई. जा आता, मागं वळून बगू नगंस, बगितलंस तर तिला न्हेशील." आईनं डब्यातलं एक फूल उचललं. "ह्ये मागल्या सालचं बघ. देठ मोडल्यालं हुतं. वाटंत मोडलं म्हनाल्या. दोरा गुंडाळून आनलं हुतं बिचारीनं."

देठाला निळा दोरा होता. आमच्या स्कर्टच्या घड्या शिवायचा तो. मी अंगणात भिरकावलेला चुरगळलेला गुलाब तुम्ही वाकून उचललात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीत, माझ्याचकडून तिकीट घेऊन, माझ्याच आईला नेऊन दिलात.

आता सांगा, मी तुमच्यावर खूष व्हावं? लोक ऐकतात आणि डोळे पुसतात, केवढं मोठं मन म्हणतात. त्यांचं काय जातंय! मला तर संताप येतो. इतक्या वर्षांत तुम्हाला दिलेलं एकही फूल तुम्ही ठेवून घेतलं नाहीत. एकही! मी तुम्हाला दिलं होतं, तिला नाही. माझ्या मनात तिच्याविषयी नव्हतं ते तुम्ही माझ्या नावानं तिला नेऊन पोचवत राहिलात. खोट्याला पट्टीनं मारणाऱ्या तुम्ही, आणि दरवर्षी डोंगर चढून खोटं बोलून यायचात. वर तुम्ही दोघींनी फाटकाशी उभं राहून मला वाटून घेतलंत, सांभाळणं तुमच्याकडं, आईपण तिच्याकडं. मधे उभ्या असलेल्या पोरीला कुणी विचारलं? दोन आया असत्या तर काय आभाळ कोसळणार होतं? तुमच्या त्या ताटांत रंगही दोनच. जिची एक जिवंत आणि एक गेलेली, तिनं कुठलं उचलायचं? मडमेनं हे सांगून ठेवलेलं नाही, आणि तुम्हीही नाही.

आणि त्या तुपाच्या बोळक्याचं काय करू? मी ज्याला पाप समजून तोंड फिरवत होते, ती आईची फुलाची परतफेड होती, बाई. न बोलता केलेली.

आई डब्याचं झाकण लावता लावता थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच धाडायचीस न्हवं गं?"

बाई, तेव्हा तुमचं खोटं माझ्या हातात होतं. एका वाक्यात मोडता आलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं, की नाही आये, मी एकही पाठवलं नाही, मला तर तुझं नाव नको होतं. ती उत्तराची वाट बघत होती. डब्यावर दोन्ही हात ठेवून.

म्हटलं, "व्हय आये. मीच."

तिनं मान हलवली. "म्हाईत हाय मला. उगाच इचारलं." मग पुन्हा सूप उचलत म्हणाली, "औंदा बाई न्हाईत. मग फुलाला म्याच येते खाली."

आणि काल आली, बाई. ठेवणीतलं लुगडं नेसून, पहिल्या गाडीनं. चर्चच्या दारात बिचकली, चपला हातात घेतल्या. ताटांपाशी उभ्या असलेल्या वसतिगृहातल्या पोरीनं समजावलं, "आजी, आई असेल तर लाल, नसेल तर पांढरं." आईनं तगर उचलली. मला वाटलं, स्वतःच्या आईसाठी. तर बाकावर बसल्यावर हळूच म्हणाली, "आईला तर म्या बगितलीच न्हाई. ती म्या रांगत असतानाच गेली. म्हायेराचं असं कुनी नव्हतंच मला. सालातनं एकदा बाई यायच्या, त्येच म्हायेर. हे बाईंचं."

मी लाल उचललं. हात पांढऱ्याकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण कान गरम झाला, आणि मागं घेतला.

पाळकांनी मातांना उभं राहायला सांगितलं. मी आईचा दंड धरला. म्हटलं, "ऊठ, आये." ती उठली. एका शब्दानं नाही म्हणाली नाही, आढेवेढे घेतले नाहीत, सरळ उभी राहिली. बघा, किती सोपं असतं! मी गुलाब तिच्या हातात दिला. जन्मात पहिल्यांदा. तिनं वास घेतला, देठ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "औंदा चांगलं ताजं हाय." मागच्या बाकावर तुमची जागा रिकामी होती. मी तिकडं बघितलं नाही.

उपासना झाल्यावर आम्ही तुमच्याकडे आलो. माती अजून बसलेली नाही, नुसता उंचवटा आहे. आईनं तगर ठेवली, बसून उंचवट्यावरून हात फिरवला, शेरडाच्या पाठीवरून फिरवते तसा. म्हणाली, "बाई, पोरीनं औंदा सोता दिलं बगा. तुमच्या पायाला आता तरास न्हाई." मग वळून मला विचारलं, "आन तू गं? बाईंना काय आनलं न्हाईस?"

नाही आणलं, बाई. मुद्दामच नाही आणलं. आणलं असतं तर तुम्ही त्या मातीतून उठून, ओल्या कागदात गुंडाळून, आज सोमवारच्या पहिल्या गाडीनं ते वर तिच्याकडंच घेऊन गेला असतात.